आधी पाहणी, मग बांधणी

पावसाळी मासेमारीबंदी संपली, की अर्नाळा, नायगाव आणि वसईच्या पाचूबंदर येथील किनाऱ्यांवर एकच लगबग सुरू होते. होड्यांना रंग दिला जातो, जाळी विणून दुरुस्त केली जातात. परंतु होडी पाण्यात लोटण्यापूर्वी अनुभवी तांडेल शांतपणे एकेक वस्तू पाहून घेतो. इंजिनास पुरेसे डिझेल आहे काय? पकडलेली मासळी टिकविण्यास बर्फ भरला आहे काय? खलाशांच्या पिण्याचे पाणी व शिधा पुरेल काय? किनाऱ्यावर असताना ज्या वस्तूची उणीव अर्ध्या घटकेत भरून काढता येते, तीच उणीव खोल समुद्रात ध्यानी आली तर सारी सफर वाया जाते. प्रसंगी प्राणांवरही बेतते. म्हणूनच कार्यारंभापूर्वीची पाहणी हे भित्रेपणाचे नव्हे, तर जाणतेपणाचे लक्षण मानले जाते.

संगणकासाठी आज्ञावली सिद्ध करणाऱ्या मनुष्यासही हाच नियम पाळावा लागतो. मनुष्य आज्ञावली लिहितो ती त्याला वाचता येईल अशा भाषेत. संगणकाच्या यंत्राला मात्र ती भाषा कळत नाही. त्याला केवळ यंत्रभाषेतील संकेत समजतात. या दोहोंमधील दुभाष्याचे काम करणाऱ्या साधनास 'कंपायलर' असे म्हणतात. ग्रेस हॉपर या अमेरिकन विदुषीने १९५२ साली या प्रकारच्या आरंभीच्या साधनांपैकी एक तयार केले. पुढे १९५७ मध्ये जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली 'फोरट्रान' या भाषेचा कंपायलर प्रसिद्ध झाला आणि शास्त्रज्ञांचे कष्ट पुष्कळच हलके झाले. लिहिलेली आज्ञावली कंपायलरच्या साहाय्याने यंत्रभाषेत उतरवून चालविण्याजोगी करणे, यालाच आज्ञावलीची 'बांधणी' म्हणावे.

ही बांधणी एकट्याच्या बळावर क्वचितच होते. गवंडी घर बांधतो, पण विटा स्वतः भाजत नाही. सुतार दार करतो, पण बिजागरी लोहाराकडून घेतो. त्याचप्रमाणे आज्ञावली लिहिणाराही इतरांनी पूर्वी लिहून ठेवलेल्या उपयुक्त आज्ञांच्या संग्रहांचा आधार घेतो. अशा संग्रहास 'लायब्ररी' हे नाव आहे. एखादी आज्ञावली ज्या ज्या लायब्रऱ्यांवर आणि साधनांवर अवलंबून असते, ते तिचे 'आवश्यक घटक' होत. यांपैकी एक जरी संगणकावर नसेल, तरी बांधणी मध्येच थांबते.

एक उदाहरण घेऊ. चित्रे दाखविणारी एखादी आज्ञावली आहे. 'पीएनजी' या प्रकारची चित्रे वाचण्यासाठी ती 'लिबपीएनजी' नावाच्या लायब्ररीचा उपयोग करते. परंतु या प्रकारच्या चित्रातील माहिती आवळून साठविलेली असते. ती मोकळी करण्याचे काम लिबपीएनजी स्वतः करीत नाही. त्यासाठी ती 'झेडलिब' या दुसऱ्या लायब्ररीवर विसंबते. म्हणजे आज्ञावलीला लिबपीएनजी हवी आणि लिबपीएनजीला झेडलिब हवी. होडीला बर्फ हवा, बर्फाला कारखाना हवा आणि कारखान्याला वीज हवी, तशीच ही साखळी आहे. तिची बांधणी करताना क्रमही पाळावा लागतो. जो घटक दुसऱ्या कोणावरही अवलंबून नाही, तो आधी. त्याच्यावर विसंबणारा त्यानंतर. आणि मुख्य आज्ञावली सर्वांच्या शेवटी. दोन घटक परस्परांवरच अवलंबून असतील, तर आरंभ कोठून करावा हाच पेच पडतो. पेटीची किल्ली पेटीतच बंद व्हावी, तशी ती अवस्था होय.

पूर्वी ही सारी तपासणी मनुष्यालाच करावी लागे. १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' नावाचे साधन निर्माण केले. कोणता भाग कोणत्या भागावर अवलंबून आहे, हे एका टिपणात लिहून दिले, की ते योग्य क्रमाने बांधणी करते आणि जो भाग बदललेला नाही, त्यावर पुन्हा श्रम करीत नाही. तथापि निरनिराळ्या संगणकांवर निरनिराळी साधने असत. एका ठिकाणी सुरळीत बांधली गेलेली आज्ञावली दुसऱ्या ठिकाणी अडून बसे. १९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी 'ऑटोकॉन्फ' हे साधन करण्यास आरंभ केला. त्याच्या योगे 'कॉन्फिगर' नावाची एक छोटी तपासनीस आज्ञावली तयार होते. मुख्य बांधणीपूर्वी ती चालवावयाची असते. कंपायलर आहे काय, अमुक लायब्ररी आहे काय, असे प्रश्न ती क्रमाने विचारते आणि प्रत्येकापुढे 'आहे' किंवा 'नाही' असे उत्तर नोंदविते.

या तपासनिसाची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. तो केवळ नावावर विश्वास ठेवीत नाही. चार-दोन ओळींची एक चिमुकली आज्ञावली तो स्वतः लिहितो, तिच्यात त्या लायब्ररीतील एखादी आज्ञा वापरतो आणि तिची बांधणी करून पाहतो. बांधणी साधली, तरच तो घटक उपलब्ध आहे असे मानतो. विहिरीत पाणी आहे, हे कुणाच्या सांगण्यावरून न मानता पोहरा सोडून पाहावे, तसाच हा प्रकार होय.

येथे नवशिक्याची फसगत दोन ठिकाणी होते. पहिली अशी, की लायब्ररी असते, परंतु जुन्या आवृत्तीची असते; आज्ञावलीला हवी असलेली आज्ञा तिच्यात नसतेच. दुसरी अधिक फसवी आहे. लिनक्स प्रणालीच्या डेबियनसारख्या संचांमध्ये बहुतेक लायब्रऱ्या दोन भागांत मिळतात. एक भाग तयार आज्ञावली चालविण्यापुरता असतो. दुसऱ्यात कंपायलरला लागणारी वर्णनपत्रे, म्हणजे 'हेडर फाइली', असतात. पहिला भाग संगणकावर पाहून मनुष्य निश्चिंत होतो आणि दुसऱ्याच्या अभावी बांधणी अडते. अशा वेळी पडद्यावर चुकांच्या शेकडो ओळी उमटतात. त्या पाहून गांगरून जाऊ नये. बहुधा पहिली चूकच खरी असते. पुढच्या पुष्कळशा तिच्या पोटी जन्मलेल्या असतात. पहिली ओळ नीट वाचावी, उणा घटक ओळखावा, तो आणावा आणि पाहणी पुन्हा करावी.

महत्कार्यापूर्वी आवश्यक घटक सिद्ध करणे म्हणजे काय, याचा मोठा दाखला वसईच्या भूमीनेच इतिहासाला दिला आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली आणि तेथे त्यांनी बळकट कोट उभारला. या कोटास समुद्र, खाडी व दलदल यांचा वेढा होता. चालून जाण्याजोगी भूमी मुख्यतः उत्तरेकडेच होती. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले. परंतु त्या वर्षी वसईवर केलेले हल्ले निष्फळ ठरले. कोट एकाकी नव्हता. आसपासची ठाणी आणि गोव्याहून येणारे साहाय्य यांवर त्याचे बळ अवलंबून होते.

पुढील मोठ्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी प्रथम ही साखळीच हाती घेतली. १७३९ च्या आरंभी माहीम व तारापूर घेतले गेले. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव यांच्यासारखा वीर कामी आला. वेसावे आणि खाडीपलीकडील धारावी हीही ठाणी मराठ्यांकडे आली. त्याच सुमारास व्यंकटराव घोरपडे गोव्याच्या प्रदेशात शिरले, त्यामुळे गोव्याहून वसईस मदत पोहोचणे दुष्कर झाले. फेब्रुवारी १७३९ मध्ये वसईस वेढा पडला आणि मे महिन्यात कोट शरण आला. तरीही अखेरच्या हल्ल्यात सारे सुरुंग योग्य वेळी उडाले नाहीत; उशिरा उडालेल्या सुरुंगाने मराठ्यांचीच मोठी हानी झाली. पूर्वतयारीने कार्य साध्य होते, परंतु न तपासलेला एकच दुवा किती किंमत घेतो, हेही या विजयातून शिकावे.

संगणकाच्या क्षेत्रातही एका लहान दुव्याने असाच धडा दिला. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाची अवघ्या अकरा ओळींची एक लायब्ररी तिच्या कर्त्याने सार्वजनिक भांडारातून काढून घेतली. अक्षरमालेच्या डाव्या बाजूस रिकाम्या जागा किंवा शून्ये भरणे, एवढेच तिचे काम होते. तथापि ती असंख्य आज्ञावल्यांच्या साखळीत कोठेतरी खोल दडलेली होती. त्या क्षणी जगभर हजारो बांधण्या अडल्या आणि काही तासांतच ती लायब्ररी भांडारात परत ठेवावी लागली. आपण तिच्यावर अवलंबून आहोत, याची अनेकांना तोवर कल्पनाच नव्हती.

मनुष्याने दुसऱ्यावर अवलंबून राहू नये, असा याचा अर्थ नाही. परस्परांच्या आधारावाचून घर, गाव वा विद्या यांतील काहीच उभे राहत नाही. परंतु आपण कोणाकोणाच्या आधारावर उभे आहोत, हे ज्याला ठाऊक असते, तो त्या आधारांची वेळीच काळजी घेतो आणि त्यांचे ऋणही विसरत नाही. काम हाती घेण्यापूर्वी 'यास काय काय लागेल, आणि ते खरोखर जवळ आहे काय?' हा साधा प्रश्न विचारण्याची सवय ज्याने लावून घेतली, त्याचे निम्मे कार्य तेथेच सिद्धीस गेले.

स्वाध्याय

१. 'आवश्यक घटक' म्हणजे काय, ते पाठातील चित्रांच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. 'कॉन्फिगर' ही तपासनीस आज्ञावली केवळ नावावर विश्वास का ठेवीत नाही?
३. १७३७ व १७३९ या दोन वर्षांतील वसईच्या मोहिमांची तुलना करा.
४. आपल्या घरातील एखाद्या सणाच्या तयारीस लागणाऱ्या गोष्टी, कोणती कोणावर अवलंबून आहे त्या क्रमाने, लिहा.