वाडीची पीक पाहणी स्वतः करा



राजोडीपासून आगाशीपर्यंतच्या वाड्यांत एकाच गटात नारळ, केळी, पानवेल, भाजीपाला, फुलझाडे अशी सरमिसळ असते. मे २०२१ मधील तौक्ते वादळात या किनारपट्टीवरील बागा आडव्या झाल्या. अशा वेळी नुकसानीचा पंचनामा होतो आणि पहिला प्रश्न येतो तो सातबारावर कोणते पीक आहे हा.

पूर्वी ही नोंद तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली व शेतकऱ्याला ती आपल्या मोबाईलवरून करता येऊ लागली. नोंद त्या त्या हंगामाच्या मुदतीतच करावी लागते. प्रथम जिल्हा, तालुका, गाव निवडून आपले खाते शोधावे. एकापेक्षा जास्त पिके असल्यास ‘मिश्र पीक’ निवडावे. केवळ केळी लिहून मोकळे होऊ नये. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये भरावयाचे असते. १ गुंठा म्हणजे साधारण १ आर, म्हणून १० गुंठ्यांची केळी ०.१० हेक्टर होते. येथेच चुका फार होतात. बांधावरील झाडांची नोंद वेगळी करता येते. छायाचित्र वाडीत उभे राहूनच घ्यावे, कारण त्यासोबत जागाही नोंदली जाते.

वारणा परिसरातील सुमारे ७० गावांसाठी १९९८ मध्ये संगणक केंद्रांची योजना आली, तेव्हा माहितीसाठी केंद्रावर जावे लागे. आज यंत्र खिशात आहे, तरी आपण नातवाची सुट्टी होण्याची वाट पाहतो किंवा दुकानदाराला पैसे देतो. मग ‘नोंद बरोबर झाली असेल ना?’ ही टोचणी मनाला लागून राहते. नातवाकडून जरूर शिकावे, पण बोट आपले फिरवावे. वाडीतील शिंपण-खुडणी ज्या भगिनी करतात, त्यांनी तर हे अवश्य शिकावे; कोणत्या सरीत काय आहे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक?

एक सावधगिरी बाळगावी. शासकीय योजनेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली, शेवटी ‘एपीके’ असलेली फाईल उघडू नये. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच द्यावा लागत नाही. ओटीपी कोणासही सांगू नये. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे आणि आपल्या बँकेस खबर द्यावी. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक.