खाऱ्या पाण्याचे रीळ : निवड आणि निगा

गळाने मासे धरण्याच्या रिळावर महाविद्यालयाच्या अंकात लेख कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. तो माझ्याही मनात आला होता. परंतु 'छंदामागील विज्ञान' या विषयावर काही लिहून पाठवा, असे मराठी विभागाच्या संपादकांचे पत्र आले, तेव्हा मला सुमारे चाळीस वर्षांपूर्वीचा एक प्रसंग आठवला. मी त्या वेळी याच महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होतो, आणि जो धडा मी वर्गात शिकवत होतो तोच मला एका रिळाने शिकवला. तो पुन्हा कोणाला इतक्या महागात शिकावा लागू नये, एवढाच या लेखाचा हेतू.

मी मूळचा धार जिल्ह्यातल्या गंधवानीचा, आणि निवृत्तीनंतर आता तेथेच राहतो. आमच्याकडे समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला निळा रंग! नद्या मात्र होत्या. जवळून मान नदी वाहते आणि पुढे नर्मदेला मिळते. माझे वडील शाळामास्तर. त्यांना गळाचा नाद होता. नर्मदेत त्या काळी महसीर मिळे. आमच्या निमाडात त्याला बाडस म्हणतात. वडिलांकडे महूच्या छावणीतल्या जुन्या सामानातून घेतलेले एक विलायती रीळ होते. त्याचे अंग ॲल्युमिनियमचे आणि आस पोलादाचा. सुटीच्या दिवशी ते कोरड्या फडक्याने पुसून त्यात शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडीत. तीस वर्षे ते रीळ कुरकुरल्याचे मला आठवत नाही. वडील गेल्यावर ते माझ्याकडे आले.

बेळगावला नोकरी लागल्यावर मालवण हाकेच्या अंतरावर आले. एका दिवाळीच्या सुटीत मी ते रीळ घेऊन आंबोली घाट उतरलो. ओळखीच्या एका तांडेलाने होडीत घेतले. त्याने रीळ हातात धरून फिरवून पाहिले आणि परत देत म्हणाला, "सर, ह्यां गोड्या पाण्याचां यंत्र. हंय टिकूचां नाय." मी हसलो. जे नर्मदेत तीस वर्षे टिकले, ते येथे एक दिवस टिकणार नाही काय?

दुपारी काहीतरी मोठे लागले. मासा मला दिसलाच नाही. रिळाची मूठ उलटी फिरू लागली आणि तिचा फटका बोटांच्या पेरांवर बसला. मी तळहाताने कडा दाबून धरली, तर तळहात भाजला. शेवटी दोरी तुटली. मासा तोंडात गळ आणि मागे कितीतरी वार दोरी घेऊन गेला. माझ्या अज्ञानाची शिक्षा त्या मुक्या जिवाला झाली.

पण खरे नुकसान पुढेच होते. ओले रीळ तसेच फडक्यात गुंडाळून मी पिशवीत ठेवले. बेळगावला आलो, महाविद्यालय सुरू झाले, आणि पिशवी कोनाड्यातच राहिली. तीन आठवड्यांनी उघडून पाहतो तो पोलादी आसावर तांबडा गंज, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी, आणि दोन्ही एकमेकांत असे घट्ट बसलेले की हातोडीनेही हलेनात. दोन भिन्न धातू आणि मध्ये मिठाचे पाणी, म्हणजे विद्युत्घट. गंमत अशी की त्याच दिवसांत मी प्रथम वर्षाला विद्युत्घट शिकवत होतो. फळ्यावर आकृती काढीत होतो, आणि तोच घट माझ्या घरी पिशवीत रात्रंदिवस चालू होता.

त्यानंतर मी या विषयाचा रीतसर अभ्यास केला. त्याचे सार पुढे देत आहे.

प्रथम, रीळ नसते तर काय होते ते पाहू. हेमिंग्वेच्या ज्या कादंबरीचा पु. ल. देशपांडे यांनी 'एका कोळियाने' या नावाने अनुवाद केला, तिच्यातला म्हातारा कोळी पुष्कळांना ठाऊक असेल. त्याच्याजवळ रीळ नाही. प्रचंड माशाची दोरी तो पाठीवरून घेतो, हातांनी सोडतो, पुन्हा आवळतो. त्याची पाठ आणि त्याचे तळवे हाच त्याचा ब्रेक. म्हणूनच ते सोलून निघतात. रिळाने जे काम करायचे ते नेमके हेच आहे. दोरी गुंडाळणे हे त्याचे दुय्यम काम. ताण तुटण्याच्या खाली ठेवून दोरी सोडणे हे मुख्य काम.

हौशी लोकांनाही हे समजायला वेळ लागला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटावर १८९८ साली 'ट्यूना क्लब' स्थापन झाला. त्या काळच्या रिळांवर चामड्याचा तुकडा अंगठ्याने दाबून ब्रेक लावीत, आणि उलट्या फिरणाऱ्या मुठीने कित्येकांची बोटे मोडली. पुढे विल्यम बॉशेन यांच्या कल्पनेवरून ज्यूलियस व्हॉम होफ यांनी आत चकत्यांचा ब्रेक असलेले रीळ बनवले. १९१३ साली बॉशेन यांनी त्यावर तलवारमासा धरला. चांदणीच्या आकाराच्या चकतीने ब्रेक कमीजास्त करण्याची ही पद्धत आजही चालू आहे. १९५३ साली पेरू देशाच्या किनाऱ्यावर आल्फ्रेड ग्लासेल यांनी १५६० पौंडांचा, म्हणजे सुमारे ७०० किलोंचा, काळा मार्लिन काठी-रिळाने काढला. चांगल्या ब्रेकचे सामर्थ्य त्यावरून ध्यानात यावे. गोड्या पाण्यातही मोठे मासे असतातच. कन्नड विभागाच्या वाचकांना हे सांगायला हवे की १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एकाने कबिनी नदीत १२० पौंडांचा महसीर धरला होता. मग समुद्राचे रीळ वेगळे कशासाठी? मासा मोठा म्हणून तर आहेच, पण त्याहून अधिक ते पाण्यासाठी.

आता निवडीचे मुद्दे घेऊ.

१. ब्रेक. दुकानदार सांगतो, "या रिळाचा ब्रेक तीस किलोंचा आहे." या आकड्याने भुलू नये. उभ्या माणसाला काठीवर दहा-बारा किलोंचा ताणही फार वेळ पेलवत नाही. ब्रेक किती जोराचा यापेक्षा तो किती सुरळीत, हे पाहावे. त्यासाठी सोपा प्रयोग आहे. दोरीचे टोक स्प्रिंगच्या काट्याला बांधून सावकाश ओढा. स्थितिक घर्षण गतिक घर्षणाहून जास्त असते, म्हणून सुरुवातीला काटा थोडा वर जाऊन खाली येईल. ही उडी जितकी लहान तितका ब्रेक चांगला. मोठी उडी असेल तर मासा पहिला हिसडा देतो त्याच क्षणी दोरी तुटते.

ब्रेक लावताना सर्वसाधारण नियम असा, की दोरीच्या तुटण्याच्या ताणाचा एक-तृतीयांश किंवा त्याहून कमी ताण ठेवावा. समजा, दोरी ५० पौंडी, म्हणजे सुमारे २३ किलोंना तुटणारी आहे. ब्रेक साडेसात किलोंवर लावला. भरलेल्या फिरकीची त्रिज्या ३ सेंटिमीटर आहे. मासा पळाला, दोरी कमी झाली, त्रिज्या दीड सेंटिमीटर उरली. ब्रेकचे परिबल तेच आहे, पण त्रिज्या निम्मी झाल्याने दोरीवरचा ताण दुप्पट, म्हणजे १५ किलो झाला. शिवाय पाण्यातल्या लांब दोरीला पाण्याचा विरोध होतो तो वेगळा. म्हणून मासा दूर गेल्यावर नवशिका ब्रेक आवळतो, तेव्हा जाणकार तो सैल करतो.

२. उष्णता. साडेसात किलोंच्या ताणाविरुद्ध मासा सेकंदाला १० मीटर वेगाने पळाला, तर सुमारे ७४० वॅट उष्णता निर्माण होते. म्हणजे तेवढा वेळ रिळाच्या पोटात घरातली एक इस्त्री चालू असते! माझा तळहात का भाजला, हे मला या गणिताने कळले. म्हणून ब्रेकच्या चकत्या कशाच्या आहेत हे विचारावे. पूर्वी चामडे आणि फेल्ट वापरीत; आता कार्बनतंतूच्या चकत्या मिळतात, त्या उष्णता अधिक चांगली सोसतात. चकत्या जितक्या मोठ्या तितकी उष्णता अधिक क्षेत्रावर पसरते. तरफेच्या ब्रेकचे रीळ या बाबतीत सरस, आणि त्यात ताण आधी ठरवून ठेवता येतो. चांदणीच्या ब्रेकचे रीळ साधे, स्वस्त आणि घरी उघडण्यास सोपे असते.

३. सांगाडा. सांगाडा ओतीव आहे की एकसंध ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कातलेला, हे पाहावे. ओतीव धातू ठिसूळ असतो. कार्बनमिश्रित प्लास्टिकचा सांगाडा गंजत नाही, परंतु मोठ्या ताणाखाली पिळवटतो आणि दात्यांची जुळणी बिघडते. फिरकी मात्र धातूचीच असावी. ताणाखाली गुंडाळलेल्या नायलॉन दोरीचे शेकडो वेढे तिला आवळतात, आणि दुबळी फिरकी त्याने फुटते.

४. धातूंची संगत. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. अशा पाण्यात ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस पोलाद एकमेकांना लागून असले, की ॲल्युमिनियम झिजते. यावर उपाय म्हणून ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा जाड थर चढवतात. तो थर खरवडला की तेथून झीज सुरू होते; म्हणून स्क्रूच्या भोकांजवळ नीट पाहावे. 'स्टेनलेस' म्हणजे कधीही न गंजणारे असा समज करून घेऊ नये. ३१६ क्रमांकाच्या पोलादात मॉलिब्डेनम असते, त्यामुळे ते खाऱ्या पाण्यात ३०४ पेक्षा अधिक टिकते. बेअरिंगचे पोलाद कठीण असावे लागते, आणि कठीणपणासाठी गंजाचा प्रतिकार थोडा सोडावा लागतो. साहजिकच रिळात प्रथम बिघडतात ती बेअरिंग. ती संख्येने किती आहेत यापेक्षा बदलून मिळतात काय, हे विचारावे.

५. दाते. मुठीच्या एका फेऱ्यात फिरकीचे सहा फेरे झाले तर दोरी भराभर येते, पण जोर कमी पडतो. दोन फेरे झाले तर उलट. खोल पाण्यातला जड मासा उचलायला कमी फेऱ्यांचे रीळ बरे. दोन्ही गतींचे रीळही मिळते, परंतु भाग वाढले की बिघाडाच्या जागाही वाढतात.

६. उघडता येणे. माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. काही रिळे सीलबंद असतात. मीठ आत शिरत नाही हे खरे, पण एकदा शिरले की बाहेरही पडत नाही, आणि सील काढणे कारखान्याचे काम. आपल्याकडे जे रीळ एका पेचकसाने उघडता येते आणि ज्याच्या चकत्या व बेअरिंग मिळतात, तेच टिकाऊ समजावे. महाग रीळ घेऊन न धुणाऱ्यापेक्षा मध्यम रीळ घेऊन धुणारा शहाणा.

निगेची रीत थोडक्यात अशी. किनाऱ्यावर आल्याबरोबर ब्रेक आवळून घ्यावा, म्हणजे चकत्यांत पाणी जात नाही. गोड्या पाण्याची हलकी धार सोडावी. जोराचा फवारा मारू नये, तो मीठ आत ढकलतो. पुसून सावलीत वाळवावे. मग ब्रेक पूर्ण सैल करून ठेवावा, नाहीतर चकत्या दबून चिकटतात. बेअरिंगला तेल आणि दात्यांना ग्रीस द्यावे. ओल्या फडक्यात कधीही गुंडाळू नये.

आणखी एक गोष्ट. समुद्रातला प्रत्येक मोठा मासा आपला नव्हे. उदाहरणार्थ, देवमाशासारखा प्रचंड दिसणारा व्हेल शार्क २००१ पासून आपल्याकडे कायद्याने संरक्षित आहे. असा जीव गळाला लागला तर तो लवकर सोडता यावा, यासाठीही ब्रेक हाताशी आणि दोरी मजबूत हवी. तुटलेल्या दोरीसकट मासा जाऊ देणे ही दया नव्हे.

विद्यार्थिमित्रांनो, मान नदीवर आमच्या तालुक्यात जिराबादजवळ आता धरण आहे, आणि नर्मदाही येथे सरदार सरोवराच्या फुगवट्यात संथ झाली आहे. वाहत्या पाण्याचा बाडस आता क्वचितच ऐकू येतो. महसीर २०११ पासून मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे. परंतु वडिलांनी ज्या डोहात तो धरला तो डोहच उरलेला नाही. उरले आहे ते रीळ. ते माझ्या टेबलावर आहे आणि फिरत नाही. कोणी विचारले तर मी सांगतो, की याला समुद्राने मारले नाही. समुद्रावरून आल्यावर एक तांब्याभर गोडे पाणी याला कोणी दिले नाही.