जेवणाच्या टेबलावरून ऊठ आता

टेबल नंतर घे गं, आधी जागा ठरव. नवी नोकरी कायमची घरूनच आहे आणि सध्या जेवणाच्या टेबलावर भागतंय, असं तू म्हणालीस तेव्हाच बोलणार होते. पण मागून तुझ्या सासूबाईंचा आवाज आला, म्हणून गप्प बसले. आता निवांत सांगते.

जेवणाच्या टेबलावर भागत नसतं. दिवसातून दोनदा लॅपटॉप, चार्जर, वही, चष्मा उचलायचा, पानं घ्यायची, मग आमटीचे डाग पुसून सगळं परत मांडायचं. शिवाय पसारा दिसेनासा झाला की घरच्यांना वाटतं, हिचं काम संपलं. म्हणून माझी एकच अट आहे. जागा टीचभर असली तरी चालेल, पण ती रोज आवरावी लागता कामा नये. उघडी वही तशीच टाकून तुला जेवायला जाता आलं पाहिजे. तीन फूट लांब आणि दोन फूट खोल फळी पुरे. कपाटाशेजारचा कोपरा, पॅसेजचं टोक, बेडरूमची खिडकी, काहीही चालेल.

मला विचारशील तर खिडकीच. पण तिच्याकडे तोंड किंवा पाठ करून बसू नकोस, उजेड बाजूने येऊ दे. पाठीमागे खिडकी असली की कॉलवर तुझा चेहरा काळा दिसतो आणि पडद्यावर चकाकी येते. सासूबाई वास्तूचं म्हणून उत्तरेचा आग्रह धरतील, तर वाद घालू नकोस. उत्तरेच्या खिडकीतून आपल्याकडे वर्षाचा बराच काळ थेट ऊन येत नाही, नुसता शांत उजेड येतो. फक्त मे ते जुलै सूर्य उत्तरेकडे सरकतो, तेवढ्यापुरता पडदा लाव. पश्चिमेची खिडकी मात्र नको, दुपारी चारनंतर तिथे बसवत नाही.

गॅलरी बंद करून तिथे बसायचा बेत सोड. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, प्लायवूड फुगतं, कागदांना बुरशीचा वास लागतो. आत बसलीस तरी टेबल बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांबच ठेव.

आता पैशांचं. सगळे टेबलावर खर्च करतात आणि खुर्ची प्लॅस्टिकची आणतात. तू उलट कर. फळी सुताराकडून ठोकून घेतलीस तरी चालेल, खुर्ची मात्र बसून बघून घे, ऑनलाइन फोटो पाहून नको. बाजारातली टेबलं साधारण 75 सेंटिमीटर उंच असतात, ती आपल्या पाच फुटी बायकांसाठी नाहीतच. खांदे वर चढतात आणि संध्याकाळी मान धरते. सुतार येणार असेल तर त्याला 26 इंच सांग, म्हणजे 66 सेंटिमीटर. तयार टेबलच घेतलंस तर खुर्ची इतकी वर कर, की कोपर काटकोनात येईल, आणि लोंबकळणाऱ्या पायांखाली पाट घे. हो, देवघरासमोरचा नाही, माळ्यावरचा जुना.

लॅपटॉपची एक खोड आहे. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर कीबोर्ड वर जातो, कीबोर्ड खाली ठेवावा तर मान वाकते. तेव्हा वेगळा कीबोर्ड आणि माउस घेच, आणि लॅपटॉपखाली जुन्या दिवाळी अंकांची चळत लाव. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईल इतकी. स्टँड पगार झाल्यावर घे.

वायरींचं मी फार सांगत नाही. फक्त एका एक्स्टेंशन बोर्डवर इस्त्री आणि लॅपटॉप एकत्र लावू नकोस. राउटर लोखंडी कपाटामागे लपवलेला असेल तर बाहेर काढ. आणि तुमच्याकडे वीज जाते, तर राउटरसाठी छोटा यूपीएस घे. बहुतेक राउटर 12 व्होल्टवर चालतात, तरी अडॅप्टरवरचा आकडा वाचूनच घे.

कागदांचं म्हणशील, तर डझनभर फोल्डर आणून त्यांवर रंगीत लेबलं चिकटवण्यात रविवार घालवू नकोस. मला ठाऊक आहे तुझी हौस. पुण्याच्या पेशवे दप्तरात इतके कागद रुमालांत बांधून ठेवले, तुझं ऑफर लेटर आणि पगाराच्या पावत्या एका फाइलीत सहज मावतील. टेबलावर आज लागणारं तेवढंच ठेव.

खरी गोम वेगळीच आहे. "घरीच तर आहेस, जरा दुधाकडे बघ." हे तुला रोज ऐकू येणार, आणि त्यात सासूबाईंचा दुष्टपणा नाही. समोर बसलेली सून नोकरीवर आहे, हे त्यांना दिसणार कसं? रुसून दार लावण्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकटीत, दुधाच्या हिशोबाशेजारीच, मीटिंगच्या वेळा लिहून टाक. आपल्या बायकांचा त्या चौकटींवर फार विश्वास. आणि कुकर तुझ्या कॉलच्या आधी लागेल की नंतर, हे जावईबापूंनाही ठरवू दे. सगळं तूच कशाला सांभाळतेस?

संध्याकाळी लॅपटॉप बंद केलास की त्यावर एक ओढणी टाक. दिसत राहिला की रात्री साडेनऊला "फक्त एक मेल" होतं.

बेडरूमच्या खिडकीपासून कपाटापर्यंतचं अंतर मोजून पाठव मला. आणि कपाटाचं दार कुठल्या बाजूला उघडतं तेही बघ, नाहीतर खुर्ची मागे सरकवताच त्यावर आदळेल.