ख्याल ऐकण्यासाठी कोणती संगीतसेवा घ्यावी?

प्रश्न : नालासोपारा ते चर्चगेट लोकलप्रवासात हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत ऐकण्यासाठी कोणत्या स्ट्रीमिंग सेवेचे पैसे भरावेत?
— एक वाचक, कळंब (ता. वसई)

उत्तर : जाहिरातींत ‘लॉसलेस’चा, म्हणजे मूळ ध्वनिमाहितीतील काहीही न गाळता साठवलेल्या संगीताचा, गवगवा असतो आणि ॲपल म्युझिकने ते २०२१पासून जादा शुल्क न घेता दिले आहे, परंतु सर्वसाधारण ब्लूटूथ हेडफोनकडे जाताना ध्वनी पुन्हा आकुंचित होत असल्याने लोकलच्या खडखडाटात त्याचा लाभ जवळपास शून्य ठरतो. ३२० केबीपीएसचा दर्जा, ज्याला तासाला सुमारे १४४ एमबी डेटा लागतो, येथे पुरेसा आहे. अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या जेमतेम तीन मिनिटांच्या ७८ आरपीएम ध्वनिमुद्रिकांच्या बाबतीत तर लॉसलेसमुळे फार तर खरखर अधिक स्वच्छ ऐकू येईल!

खरा प्रश्न संग्रहाचा आणि नोंदींचा आहे. ॲपल म्युझिक क्लासिकलची रचना पाश्चात्त्य पद्धतीला अनुसरून संगीतकार व कृती यांभोवती झालेली आहे; ख्यालाच्या श्रोत्याला मात्र राग, ताल, घराणे आणि साथीदार हवे असतात. शिवाय एकाच तोडी रागाच्या नावाची रोमन स्पेलिंगे अनेक असल्याने शोध फसतो. ख्यालाचे विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) भाग हे स्वतंत्र ट्रॅक असल्यास ‘शफल’ बंद ठेवावे, अन्यथा द्रुत आधी वाजण्याची शक्यता असते. मल्लिकार्जुन मन्सूर किंवा किशोरी आमोणकर यांच्या, ध्वनिमुद्रण कंपन्यांनी काढलेल्या, ध्वनिमुद्रिका बहुतेक सेवांवर मिळतात, तर मैफलींची दीर्घ मुद्रणे मुख्यतः यूट्यूबवर आढळतात. त्यामुळे आलापात जाहिरात न घुसवणारे, डाउनलोडची सोय असलेले यूट्यूब प्रीमियम, ज्यात यूट्यूब म्युझिकही येते, या वाचकाने प्रथम आजमावावे.