घराची गती आणि मुलांचे शिक्षण

वसतिगृहाची सुट्टी जवळ आली की पालक आम्हांला बहुधा एकच प्रश्न विचारतात : या दिवसांत मुलाकडून काय काय करून घेऊ? गणिताची शिकवणी, इंग्रजी संभाषणाचा वर्ग, संगणक, एखादे शिबिर आणि उरलेच दोन दिवस तर मुंबईचे नातेवाईक. या घाईला आम्ही नावे ठेवणार नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना शाळेच्या दाराबाहेर बसावे लागले, त्यांना शिक्षणात क्षणाचाही विलंब नकोसा वाटतो, आणि ते योग्यच आहे. ‘जरा सावकाश घ्या’ हा सुखवस्तू माणसाचा सल्ला अशा घराला टोचतो.

म्हणून उदाहरण आपल्याच मातीतले घेऊ. सुभेदार रामजी सकपाळ मूळचे मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे. लष्करातून निवृत्त झाल्यावर हे कुटुंब काही काळ दापोलीत, नंतर साताऱ्यात आणि पुढे मुंबईत परळच्या चाळीत राहिले. चाळीत खोली एकच. स्वयंपाक, झोप, अभ्यास, सारे तिथेच. रामजी भीमरावांना लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला अभ्यासासाठी उठवून त्याच्या जागी आपण आडवे होत. पुस्तकांसाठी पैसे नसले तर विवाहित मुलींकडे जाऊन उसने आणीत. भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले.

या हकिकतीतून आपण सहसा कष्टांचा भाग उचलतो आणि मुलांना पहाटे उठवू लागतो. वडिलांचे जागणे मात्र विसरतो. बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे की घरी जमलेल्या मंडळींना आणि बहिणींना महाभारत-रामायण वाचून समजावून सांगण्याचे काम वडील त्यांच्याकडे सोपवीत. मुलगा वाचतो आहे आणि घर ऐकते आहे, असे दृश्य आज किती घरांत दिसते? रामजींची महत्त्वाकांक्षा आजच्या कोणत्याही पालकाहून कमी नव्हती. तरी मूल बोलू लागले की त्या घराला ऐकायला सवड असे.

भगवान बुद्धांनी राहुलला दिलेला उपदेशही याच अंगाने वाचण्याजोगा आहे. परंपरेनुसार राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. बुद्धांनी पाय धुतल्यावर भांड्यात थोडे पाणी ठेवले, राहुलला दाखवले, मग ते ओतून टाकले, भांडे पालथे केले, पुन्हा सुलटे केले, आणि दर वेळी एक प्रश्न विचारला. जाणूनबुजून खोटे बोलण्याची लाज नसलेल्याचे श्रमणत्व त्या भांड्यासारखेच रिते असते, एवढे सांगण्यासाठी हा सारा खटाटोप. ‘खोटे बोलू नकोस’ हे एका वाक्यात आटोपले असते. पुढे कृतीपूर्वी, कृती करताना आणि कृतीनंतर विचार करण्यास सांगितले आहे. सम्राट अशोकाने बैराटच्या लेखात भिक्षू आणि उपासकांनी वारंवार ऐकावेत म्हणून जे सात धम्मपाठ नावाने सांगितले, त्यांत राहुलला दिलेला हा उपदेश आहे.

आता व्यवहाराचे. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, भिक्षू एका ठिकाणी थांबतात. कोकणातल्या शेतकऱ्याला मात्र तेव्हाच लावणीची धांदल. (थांबण्याचा हंगाम आपल्या वाट्याला असाच येतो!) तरीही जिल्ह्यातल्या वाड्यांत या काळात संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. आमची सूचना एवढीच, की ग्रंथ कधीकधी मुलाच्या हाती द्यावा. एखादा शब्द अडला तर मोठ्यांनी तो लगेच पुरवू नये, आणि पान संपेपर्यंत कुणी फोन पाहू नये. जिथे आई दिवसभर कामावर असते, तिथे हे चुलीवर भात शिजेपर्यंत होऊ शकते. मुलाने त्या अवधीत वाचायचे सोडून वसतिगृहातले भांडण सांगायला सुरुवात केली, तर पुस्तक मिटून ते ऐकावे.