भोपळा गोडच आहे, मग गूळ कशाला?

लाल भोपळ्याच्या भाजीत मेथीदाण्याची फोडणी हवी आणि गुळाचा खडा हवा, हे आपल्याकडे कुणी शिकवत नाही. बघून बघूनच हात तसा वळतो. घरात मधुमेह आला की मात्र या भाजीची पंचाईत होते. काही घरांत भोपळा, गाजर, बीट ही सगळी ‘गोड’ मंडळी ताटातून हद्दपार होतात, तर काही घरांत गूळ तसाच पडत राहतो, कारण ‘गूळ नैसर्गिक असतो, चालतो’. दोन्हींच्या मुळाशी गैरसमज एकच आहे: जिभेला गोड लागलं ते सगळं रक्तातही सारखंच उतरणार. माझं म्हणणं असं, की गोड आणि मसालेदार भाजलेली भाजी मधुमेह्यानेही जरूर खावी. फक्त तिची गोडी विस्तवाने आणि मसाल्याने आणलेली असावी, गुळाने किंवा मधाने नाही.

आधी भाज्यांवरचा आरोप बघू. 1981 साली टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी ग्लायसेमिक निर्देशांकाची कल्पना मांडली. कोणता पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो, याचा तो तौलनिक आकडा. त्या पहिल्या तक्त्यात गाजराचा आकडा 92 निघाला आणि गाजर बदनाम झालं. पुढच्या मोजण्यांत हा आकडा जवळपास निम्म्यावर आला, पण बदनामी काही पुसली गेली नाही. मुळात ही मोजणी 50 ग्रॅम कर्बोदकांवर होते, आणि तेवढी कर्बोदकं गाजरातून मिळवायची तर सुमारे पाऊण किलो गाजरं एका बैठकीत संपवावी लागतील. भोपळ्याचंही तेच. त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, आणि 100 ग्रॅम कच्च्या भोपळ्यात कर्बोदकं जेमतेम 6 ग्रॅम. एका मध्यम पोळीत ती वीसच्या घरात असतात. म्हणजे वाटीभर भोपळ्याला घाबरून त्याऐवजी एक पोळी जास्त घेणारा माणूस साखर वाढवूनच उठतो.

आता गूळ. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलं, की वरून घातलेली साखर आणि मध, सरबतं, फळांचे रस यांतली साखर मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवावी, आणि शक्यतो 5 टक्क्यांच्या. 5 टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण 25 ग्रॅम. अख्ख्या भाजीत मुळातच असलेली साखर या हिशेबात धरलेली नाही. भाजीत घातलेला गूळ मात्र धरावाच लागतो. चार माणसांच्या भाजीत 40 ग्रॅम गूळ पडला, तर प्रत्येकाच्या वाट्याला 10 ग्रॅम आला. दिवसातून दोनदा दोन-दोन चमचे साखरेचा चहा घेणाऱ्याने त्या चहातच 25 ग्रॅमचा बहुतेक कोटा संपवलेला असतो, त्यात ही भर. यावर ‘पण गुळात लोह असतं’ हे उत्तर ठरलेलं आहे. असतं, पण 10 ग्रॅममध्ये अर्धा-एक मिलिग्रॅम, आणि स्त्रीची रोजची गरज भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार 29 मिलिग्रॅम आहे. लोहासाठी गूळ खायचा म्हटला तर आधी साखरच गळ्याशी येईल.

‘गुळाशिवाय ती चव येत नाही’ ही तक्रार मात्र खरी आहे, आणि तिचं उत्तर भाजण्यात आहे. झाकण ठेवून शिजवलेला भोपळा आपल्याच पाण्यात उकडतो, म्हणून सपक लागतो. कोरड्या आचेवर तेच पाणी उडतं, असलेली साखर दाट होते, कडा तांबूस होतात आणि कांद्याचा उग्रपणाही गोडीत जिरतो. चौघांसाठी अर्धा किलो भोपळा, पाव किलो गाजर आणि एक मोठा कांदा घ्या. भोपळ्या-गाजराच्या इंचाहून थोड्या लहान फोडी करा, पुसून कोरड्या करा, चार छोटे चमचे तेल चोळा. ओव्हन असेल तर 200 अंशांवर अर्धा तास पुरतो. नसेल तर जाड बुडाच्या लोखंडी कढईत किंवा बिडाच्या तव्यावर फोडी एका थरात पसरा. एकावर एक रचल्या की पुन्हा उकडणंच सुरू होतं. पाच-सहा मिनिटं झाकण ठेवा, मग काढा आणि फारसं न ढवळता भाजू द्या. बडीशेप, धने-जिऱ्याची पूड, चिमूटभर दालचिनी, लाल तिखट हे सगळं शेवटच्या पाच मिनिटांत घाला, नाहीतर मसाला जळून कडवट होतो. बडीशेप आणि दालचिनी यांचा वास आपण गोडाशी जोडलेला असतो, त्यामुळे साखरेचा कणही न वाढता पदार्थ गोड भासतो. मीठ चौघांत अर्धा चमचा पुरे. उतरवल्यावर लिंबू पिळा आणि थोडं तिळाचं कूट भुरभुरा. तेलाला नाक मुरडू नका: भोपळ्या-गाजरातलं बीटा कॅरोटीन अंगी लागायला थोडा स्निग्धांश लागतोच.

रताळ्याला मात्र हा न्याय लागू नाही, आणि उपवासाच्या दिवशी नेमकं हेच विसरलं जातं. 100 ग्रॅम रताळं कर्बोदकांच्या हिशेबात जवळपास एका पोळीइतकं आहे. जागतिक आरोग्य संघटना रोजच्या 400 ग्रॅम फळं-भाज्यांत त्याला मोजतही नाही. शिवाय ते तापत असताना त्यातलं एक विकर पिष्टाचं माल्टोज या साखरेत रूपांतर करत राहतं. हळूहळू भाजलेलं रताळं इतकं गोड लागतं ते म्हणूनच. जमैकात 2011 साली दहा वाणांवर झालेल्या अभ्यासात उकडलेल्या रताळ्याचा ग्लायसेमिक निर्देशांक पन्नाशीच्या आत आला, तर भाजलेल्याचा ऐंशी-नव्वदच्या घरात गेला. तेव्हा मधुमेह्याने रताळं उकडून, आणि पोळीच्या बदल्यात खावं. भाजी म्हणून पोळीसोबत नव्हे.

‘भाजल्याने सत्त्व जातं’ असंही म्हटलं जातं. क जीवनसत्त्व काही प्रमाणात जातं, म्हणून तर शेवटी लिंबू. पण उकडून पाणी ओतून दिल्यावर जे क्षार वाहून जातात, ते भाजताना फोडीतच राहतात. काळजी करायची ती करपण्याची. पिष्टमय पदार्थ 120 अंशांच्या वर कोरडे तापले की त्यांत अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने कर्करोग झालेला आहे. माणसांच्या आहाराबाबतचा पुरावा तितका पक्का नाही. घाबरून भाजणं सोडायचं कारण नाही, फोडी तांबूस झाल्या की थांबावं आणि काळे पडलेले कोपरे काढून टाकावेत. दालचिनीचंही तसंच. ‘साखर उतरते’ म्हणून चमचा-चमचा दालचिनी रोज घेणारे आहेत. त्या फायद्याचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, आणि बाजारात सर्रास मिळणाऱ्या जाड सालीच्या दालचिनीतलं कुमारिन जास्त झालं तर यकृताला त्रास देऊ शकतं. भाजीतली चिमूट निर्धोक आहे.

फोडीत राहणारे हेच क्षार एका गटाला मात्र अडचणीचे ठरतात. ज्यांची मूत्रपिंडं मंदावली आहेत आणि ज्यांना पोटॅशियम कमी करायला सांगितलं आहे, त्यांनी भोपळा आणि गाजर थेट भाजू नये. फोडी भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून द्यावं, मग तव्यावर मसाल्यात दोन मिनिटं परतून घ्याव्यात, आणि वाटी किती मोठी हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.