ज्ञानगंगा घरोघरी आणि वर्गातला बाक
(द्वितीय वर्ष, कला)

शिक्षण वर्गातच व्हावे की ते घरबसल्याही होऊ शकते, हा प्रश्न आज सर्वत्र विचारला जातो. मोबाइलवर व्याख्याने मिळू लागल्यापासून ‘मग कॉलेजात यायचेच कशाला?’ असे आपल्यापैकी काहीजण थट्टेने, तर काहीजण गंभीरपणे म्हणतात. नाशिककरांना मात्र हा प्रश्न नवा वाटू नये. आपल्याच गंगापूर धरणाजवळ त्याचे एक उत्तर पस्तीस वर्षांपासून उभे आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. इंग्लंडात १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि १९७१ पासून त्याचे पाठ बी.बी.सी.वरून घरोघर पोहोचू लागले. भारतातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादला निघाले. १९८५ साली दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू होत. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन या विद्यापीठाने बारावी न झालेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रमही काढला. २०१७ साली केंद्र सरकारचे ‘स्वयं’ हे ऑनलाइन व्यासपीठ सुरू झाले. २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक तेथून मिळविता येतात. दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीच्या मान्यताप्राप्त पदव्या नेहमीच्या पदव्यांशी समकक्ष आहेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले.

म्हणजे कागदावर दोन्ही वाटा सारख्या आहेत. पण चालणाऱ्याच्या पायाला त्या सारख्या लागतात काय? मला दोन्हींचा थोडाफार अनुभव आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मी नववीत होते. दहावीचे बहुतेक वर्ष मोबाइलवर गेले. घरात फोन एकच, तोही दादाचा. दादा द्राक्षबागेत गेला की माझी शाळाही त्याच्या खिशातून बागेत जाई. पुढे कॉलेजात आल्यावर मी हौसेने एका ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव घातले. व्याख्याने चांगली होती, हवे तितक्या वेळा ऐकता येत होती. हा त्यांचा मोठाच गुण. वर्गात सरांना ‘पुन्हा सांगा’ म्हणायला जीभ रेटत नाही. तरीही चौथ्या आठवड्यात माझे ऐकणे थांबले. मी का थांबले, हे कोणी विचारले नाही. उलट, आजारपणामुळे मी तीन दिवस कॉलेजात आले नाही, तेव्हा चौथ्या दिवशी हजेरी घेताना सरांनी मान वर करून चौकशी केली.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. संदर्भग्रंथ म्हणजे काय, टिपणे कशी काढावीत, हे घरी सांगणारे कोणी नव्हते. ते मी बाकावर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणींकडून आणि ग्रंथालयाच्या खिडकीशी उभे राहून शिकले. ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, त्यांना वर्ग नसला तरी कदाचित चालेल. आमच्यासारख्यांना वर्ग हेच कपाट.

परंतु येथेच थांबले तर तो अन्याय होईल. माझ्या वहिनीचे लग्न बारावीनंतर लगेच झाले. लहान मूल, गुरे आणि बाग सोडून तिला रोज एस.टी.ने नाशिकला येणे शक्य नाही. ती मुक्त विद्यापीठातून बी.ए. करते. तिच्यासाठी वर्ग की पुस्तकसंच, असा प्रश्नच नाही. पुस्तकसंच नसता तर काहीच नसते. सगळे निजल्यावर ती वाचते. अभ्यासकेंद्रावर संमंत्रणाचा तास असला की दोन दिवस आधीपासून स्वयंपाकाची आखणी करते. तेथील शिक्षकांना संमंत्रक म्हणतात. त्यांना विचारायचे प्रश्न ती वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवते.

ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. दूरशिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनाही भेटीची गरज नाकारता आली नाही. इंग्लंडच्या मुक्त विद्यापीठाने उन्हाळी निवासी वर्ग भरविले, आपल्या विद्यापीठाने अभ्यासकेंद्रे काढली, ‘स्वयं’वरही चर्चेसाठी जागा ठेवली आहे. तेव्हा खरा भेद पडदा आणि फळा यांच्यातला नाही. शिकणाऱ्याला प्रश्न विचारायला जवळ कोणी आहे की नाही, हा आहे.

म्हणून एक सूचना कराविशी वाटते. ऑनलाइन अभ्यासक्रम घेतलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा एका वर्गात एकत्र बसावे, आणि बाहेरून शिकणाऱ्यांसाठी आपले ग्रंथालय सुटीच्या दिवशी काही तास उघडे राहावे. यास फारसा खर्च नाही.

परवा वहिनीने विचारले, ‘इच्छा आणि मागणी यांत फरक काय गं?’ मला नीट सांगता येईना. दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारले. इच्छेच्या पाठीशी खर्च करण्याची ऐपत आणि तयारी असली म्हणजे अर्थशास्त्रात तिला मागणी म्हणतात, असे सरांनी सांगितले. घरी जाऊन ते वहिनीला सांगितले, तेव्हा भाकरी थापता थापता ती हसून म्हणाली, ‘म्हणजे माझी कॉलेजची नुसती इच्छाच होती म्हणायची!’

त्या रात्री आम्ही दोघी एकाच दिव्याखाली अभ्यासाला बसलो.